पाठीचं दुखणं आणि जिन्याचा कठडा

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या पटांगणात झालेल्या कार्यक्रमातील भाषण. बोलण्याच्या ओघात आलेली वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)



आठ दिवसांपूर्वी सचिव घरी आले आणि म्हणाले, "काकू, पंचवीस वर्षांच्या आठवणींवर पंधरा-वीस मिनिटं बोलाल का?" मी म्हटलं, "आठवणींवर सगळेच बोलणार आहेत. मी पाठदुखीवर बोलते." ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, "चालेल. निम्म्या सोसायटीला उपयोग होईल."

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. बँकेत बत्तीस वर्षं नोकरी केली, त्यातली चोवीस वर्षं डोंबिवली ते सीएसटी असा रोजचा प्रवास केला, आणि त्यातली शेवटची सात वर्षं पाठीच्या दुखण्याबरोबर काढली. त्यामुळे मी बोलणार ते पेशंट म्हणून. शिवाय मला आज एक गोष्ट कबूल करायची आहे. ती आपल्या जिन्याबद्दल आहे. ती शेवटी सांगेन.

आपल्या भाषेत पाठीला केवढा मान आहे बघा. कुणी मदत केली की तो पाठीशी उभा राहिला. शाबासकी द्यायची तर पाठ थोपटायची. भांडण झालं की पाठ फिरवायची. कामाला लागायचं तर कंबर कसायची, आणि महागाईने काय मोडतं? कंबरडंच. पण प्रत्यक्ष पाठीकडे आपण लक्ष देतो कधी? ती बोलायला लागल्यावर. माझी पाठ २०१२ च्या मार्चमध्ये बोलली.

ज्यांच्या घरी बँकेतलं कुणी आहे त्यांना मार्चअखेर म्हणजे काय ते सांगायला नको. पंधरा दिवस मी सकाळी साडेनऊपासून रात्री साडेआठपर्यंत खुर्चीत होते. कंबर त्याआधी दोन वर्षं कुरकुरत होती. मी कुणाला सांगितलं नव्हतं. ऑफिसात सांगितलं तर म्हणतील, "बाईंना झेपत नाही." घरी सांगितलं तर म्हणतील, "सोड ती नोकरी." मलम लावायचं, गोळी घ्यायची, वर हसरा चेहरा. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी खाली पडलेलं पेन उचलायला खुर्चीतून तिरकी वाकले आणि कमरेत अशी चमक भरली की पेन तिथेच राहिलं आणि मी पण तिथेच राहिले. ना वर, ना खाली. आमच्या शिपाईकाकांनी आणि एका मैत्रिणीने धरून उठवलं. टॅक्सीने घरी आले. डाव्या पायात खुब्यापासून घोट्यापर्यंत आतून कुणी तापलेली तार ओढावी तसं होत होतं.

आणि मग आपले हे तीन मजले. तिसऱ्या मजल्यापर्यंत चोपन्न पायऱ्या आहेत. मी इथे दोन हजार सालापासून राहते, पण पायऱ्या मोजल्या त्या रात्री. एका बाजूला यजमान, दुसऱ्या बाजूला भिंत. भिंतीला धरायला काही नव्हतं. हे लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवसापासून घरी सल्लागार मंडळ जमलं. कुणी म्हणालं उसण भरलीय, पायाळू माणसाकडून पाय लावून घ्या. माझ्या चुलत सासूबाई पायाळू, त्यांना कल्याणहून बोलावलं. बिचाऱ्यांनी तीन वेळा हलकेच पाय लावला. गुण काही आला नाही, पण त्यांच्या हातचा शिरा खायला मिळाला. कुणी निर्गुडीचा पाला आणला, कुणी मिठाची पुरचुंडी. शेकाने बरं वाटायचं, ते खोटं नाही बोलणार. ऊब मिळाली की आखडलेले स्नायू सैल होतात. पण सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं: झोपून राहा. पलंगावरची गादी काढून फळीवर झोप. हलू नकोस.

मी झोपून राहिले. सोळा दिवस. आणि मंडळी, माझ्या दुखण्यातली सगळ्यात मोठी चूक कुठली असेल तर ती ही.

सोळा दिवसांत दुखणं कमी झालं नाहीच, वर पाय बारीक व्हायला लागले, झोप उडाली आणि मनात भीती बसली. कूस बदलायची तरी वाटायचं, आता काहीतरी तुटणार. संडासला जाताना यजमानांचा हात लागायचा. माझं वय तेव्हा त्रेपन्न. मी छताकडे बघत विचार करायचे की संपलं आपलं, आता पेन्शनीपर्यंत तरी पोचतोय का.

शेवटी हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी एक्स-रे वगैरे काही मागितलं नाही. आडवं झोपवून एकेक पाय सरळ वर उचलून पाहिला, गुडघ्यावर छोटी हातोडी मारली, टाचांवर चालायला लावलं, मग चवड्यांवर. पायाचा अंगठा वर ओढायला सांगून स्वतः खाली दाबला. आणि दोन प्रश्न असे विचारले की मला लाजच वाटली: लघवी-संडासवर ताबा आहे ना? मांड्यांच्या आतल्या बाजूला, बसायच्या जागेवर बधिरपणा नाही ना? तेव्हा मला ते प्रश्न विचित्र वाटले. आज सांगते, आजच्या भाषणातलं एकच वाक्य घरी न्यायचं असेल तर हे न्या. पाठ दुखत असताना लघवी अडली किंवा नकळत झाली, संडासवरचा ताबा गेला, बसायची जागा बधिर झाली, किंवा पायातली ताकद जात चालली, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्री दोन वाजता सुद्धा हॉस्पिटल गाठायचं. तिथे तास मोजावे लागतात. तसंच पाठदुखीबरोबर ताप असेल, कारण नसताना वजन उतरत असेल, पूर्वी कॅन्सर झालेला असेल, किंवा वयस्कर माणूस नुसतं घसरून बसलं आणि पाठीत जोरात दुखायला लागलं, तर घरगुती उपाय करत बसू नका. विशेषतः आम्हा बायकांची हाडं पाळी गेल्यावर ठिसूळ होतात, साध्या धक्क्यानेही मणका दबू शकतो.

माझ्यात यातलं काही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "शीर दुखावली आहे, पण ताकद शाबूत आहे. बहुतेकांचं हे ऑपरेशनशिवाय काही आठवड्यांत बरंच कमी होतं. तुम्ही उठा आणि चाला." मी म्हटलं, "डॉक्टर, मणक्यात गॅप आहे म्हणतात सगळे." ते हसले. म्हणाले, "गॅप तर हवीच. गॅप नसेल तर वाकणार कशा?"

हे गॅप प्रकरण जरा समजावून सांगते, कारण आपल्याकडे दर तिसऱ्या माणसाला कुणीतरी गॅप आहे म्हणून घाबरवलेलं असतं. मानेपासून कमरेपर्यंत आपले चोवीस सुटे मणके: मानेत सात, पाठीत बारा, कमरेत पाच. त्यांच्या खाली माकडहाडापर्यंतचे मणके एकमेकांना जोडलेले असतात. या मणक्यांमध्ये तेवीस गाद्या. गादीला बाहेरून चिवट धाग्यांचे थर आणि आत मऊ गर. फणसाचा गरा डोळ्यासमोर आणू नका, तसा तो सहज निसटत नाही. "गादी सरकली" हा शब्दच चुकीचा आहे. साबण निसटावा तशी ती सरकत नाही. कधी फुगते, कधी बाहेरचा थर फाटून आतला गर थोडा बाहेर येतो आणि शेजारून जाणाऱ्या शिरेला डिवचतो. बहुधा हे कमरेच्या शेवटच्या दोन गाद्यांत होतं. तिथून निघणाऱ्या शिरा मिळून पायात जाणारी सायटिक नाडी होते, शरीरातली सगळ्यात जाड. म्हणून दुखतं कमरेत आणि बोंब मारतो पाय.

या गाद्यांना मोठ्या वयात स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. शेजारच्या हाडातून जे झिरपेल त्यावर त्या जगतात. आपण हललो, चाललो, की त्या दाबल्या जातात, सुटतात, आणि स्पंजासारखी देवाणघेवाण होते. रात्री झोपेत त्या पाणी शोषून फुगतात. म्हणून सकाळी उठल्यावर आपण रात्रीपेक्षा सेंटीमीटरभर उंच असतो! मुलांनो, घरी दारावर खूण करून बघा. आणि गाद्या फुगलेल्या असतात म्हणून पहाटे उठल्या उठल्या खाली वाकून भरल्या बादल्या उचलणं पाठीला जड जातं. आपल्याकडे पाणी पहाटे साडेपाचला यायचं ते दिवस आठवा. मी उठून थेट बादलीलाच हात घालायचे.

माझा एमआरआय पुढे झाला. त्यात कमरेची एक गादी फुगलेली दिसली. कागदावरचे ते इंग्रजी शब्द वाचून मी रडले. डॉक्टर म्हणाले, "केस पांढरे झाले म्हणून रडता का? तसंच हे." तेव्हा पटलं नव्हतं. पुढे २०१५ साली याच विषयावरच्या तेहतीस अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. त्यात ३,११० माणसं अशी होती की ज्यांची पाठ अजिबात दुखत नव्हती. त्यांच्या तपासण्यांतही काय दिसलं? विशीतल्या तीस टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या, आणि ऐंशीच्या वयात चौऱ्याऐंशी टक्क्यांच्या. दुखत नसताना! म्हणजे फोटोत दिसलं ते सगळंच दुखण्याचं कारण असतं असं नाही. फोटो डॉक्टरांना वाचू द्यावा, आपण वाचून घाबरू नये.

झोपून राहण्याबद्दलही तेच. १९८६ साली अमेरिकेत पाठदुखीच्या रुग्णांचे दोन गट केले होते. एकाला दोन दिवस विश्रांती सांगितली, दुसऱ्याला सात दिवस. बरं होण्यात दोघांत फरक पडला नाही, फक्त दोन दिवसवाले लवकर कामावर गेले. मी तर सोळा दिवस झोपले होते! जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या डिसेंबरमध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शन काढलं, त्यातही व्यायाम, माहिती आणि मनाचा आधार यांवर भर आहे. कमरेचे पट्टे आणि वजन लावून ओढणं या गोष्टी सरसकट करू नका असं त्यात आहे. त्याच संघटनेचा आकडा आहे, २०२० साली जगात एकसष्ट कोटी नव्वद लाख माणसांची कंबर दुखत होती. हे ऐकून मला जरा बरं वाटलं. म्हटलं, आपली संगत मोठी आहे.

आता एक मिनिट. सगळे उभे राहा बरं. हो, हो, अध्यक्षसाहेब तुम्ही पण. प्लॅस्टिकच्या खुर्चीत पंचवीस मिनिटं झाली. हात कमरेवर ठेवा, हळूच मागे वाका, श्वास घ्या, सरळ व्हा. तीनदा. झालं? बसा. पाठीचं निम्मं शास्त्र एवढंच आहे. बसायची सगळ्यात चांगली पद्धत कुठली, असं मी आमच्या फिजिओथेरपिस्ट मुलीला विचारलं होतं. ती म्हणाली, "काकू, पुढची. आत्ता बसलाय ती सोडून पुढची कुठलीही."

पूर्वी असं सांगायचे की बसल्यावर गादीवरचा दाब उभं राहण्यापेक्षा फार वाढतो. स्वीडनच्या नाकेमसन नावाच्या डॉक्टरांनी १९६० च्या दशकात गादीत सुई घालून ते मोजलं होतं. १९९९ साली जर्मनीत पुन्हा मोजलं तर तितका फरक दिसला नाही. म्हणजे बसणं हे विष नाही. एकाच जागी तासन्‌तास न हलता बसणं, ते आपल्याला नडतं.

मग मी ऑफिसात काय केलं? दीड महिन्याने कामावर रुजू झाले तेव्हा आधी मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं खरं सांगितलं. आवाज थरथरत होता. वाटलं, आता हे फाईल पुढे ओढून म्हणणार, "बघू." साहेब उठले, दार लोटलं, आणि शर्टाचं एक बटण काढून आतला कमरेचा पट्टा दाखवला. म्हणाले, "मॅडम, सहा वर्षं. बायको सोडून कुणाला माहीत नाही." त्या मजल्यावर आम्ही चाळीस जण होतो. मी बोलायला लागल्यावर एकेक करत अकरा जण निघाले. सगळे आपापल्या मलमाच्या ट्यूबा ड्रॉवरमध्ये लपवून बसलेले.

पुढचं साधंच आहे. नवी खुर्ची मिळायला मंजुरी हवी, मंजुरीला वेळ लागतो. तोपर्यंत माझे पाय अधांतरी राहायचे म्हणून झेरॉक्स कागदाची दोन बंद पाकिटं पायाखाली ठेवली. पाठीच्या खोलगट भागात टॉवेलची गुंडाळी. मॉनिटर खाली होता, तो दोन जाड रजिस्टरांवर चढवला, म्हणजे मान वर आली. कीबोर्ड जवळ ओढला. रोज लागणाऱ्या फायली खालच्या कप्प्यात होत्या, त्या कमरेच्या उंचीवर आणल्या आणि वर्षातून एकदा लागणाऱ्या खाली टाकल्या. लिटरची बाटली घरी ठेवली आणि छोटा पेला आणला. पेला संपला की कूलरपर्यंत चालत जायचं. शिपाईकाकांना सांगितलं, "काका, पाणी आणून देऊ नका, मला उठू द्या." त्यांना आधी राग आला, वाटलं बाई रुसल्या. फोन आला की उभं राहून बोलायचं. अर्ध्या-पाऊण तासाच्या वर एकदाही सलग बसायचं नाही. काम कमी झालं का? नाही. उलट डोकं जास्त चालायला लागलं.

लोकलचं काय? इथे बसलेल्या अनेकांचा हा रोजचा प्रश्न आहे. माझी खांद्याची पर्स मी एकदा आपल्या कोपऱ्यावरच्या भाजीवालीच्या काट्यावर ठेवली. साडेचार किलो! डबा, बाटली, छत्री, दोन पुस्तकं, निवडायची मेथी आणि न जाणो लागलं तर म्हणून ठेवलेल्या वस्तू. ती एका खांद्यावर चोवीस वर्षं. निम्मं सामान काढलं आणि दोन्ही खांद्यांवरची सॅक घेतली. दुसरी गोष्ट, चौथी सीट. तिघींच्या बाकावर चौथी म्हणून अर्धं अंग टेकवून, एक पाय पॅसेजमध्ये रोवून, तिरकं होऊन बसायचं आणि त्याला आपण "बसायला मिळालं" म्हणायचं. त्यापेक्षा मला दाराजवळच्या पार्टिशनला पाठ टेकून उभं राहणं बरं पडायचं. फास्ट सोडून डोंबिवलीहून सुटणारी स्लो धरली. वेळ जास्त लागला, पण नीट बसून, मध्ये ठाण्याला उठून उभं राहून जाता यायचं. आणि धावती गाडी पकडणं बंद केलं, ते मात्र चाळिशीतच करायला हवं होतं.

घरातलं काम कुणाला चुकलंय? ओट्याशी तास-तास उभं राहताना एक पाय पाटावर ठेवायचा आणि थोड्या वेळाने पाय बदलायचा. भरलेला सिलिंडर तीसएक किलोचा असतो, तो आडवा-तिडवा फिरवायचा नाही, दुसऱ्याला हाक मारायची. खालचं उचलताना गुडघे वाकवायचे, खुब्यातून वाकायचं आणि वस्तू पोटाजवळ धरायची. उचलता उचलता कमरेत पीळ द्यायचा नाही. आणि पुरुष मंडळी, ही वाक्यं तुमच्यासाठीसुद्धा आहेत. पोछा मारताना पाठ बाई-पुरुष बघत नाही.

व्यायाम सुरू झाला तो पाच मिनिटं चालण्यापासून. याच पटांगणात. पहिल्या दिवशी दोन फेऱ्या मारल्या आणि पाण्याच्या टाकीवर बसून रडले. फिजिओथेरपिस्ट मुलगी कडक होती. म्हणाली, "दुखेल. थोडं दुखून तासाभरात निवळलं तर घाबरायचं नाही. पायात कळ खाली खाली उतरायला लागली तर थांबायचं आणि मला फोन करायचा." हात-गुडघ्यांवर ओणवं होऊन मांजरासारखी पाठ वर-खाली करणं, उताणं झोपून कंबर उचलणं, ओणव्यानेच एक हात आणि विरुद्ध पाय लांब करणं, एवढंच. प्रत्येकाने आपापल्याला विचारून करावं, माझं बघून करू नये. आठव्या आठवड्यात मी बारा फेऱ्या मारत होते. दुखणं गेलं का? नाही. कमी झालं, येतं-जातं झालं. पावसाळ्यात, काळजीत, झोप कमी झाली की डोकं वर काढतं. आता ते मला पाहुण्यासारखं झालंय. आलं की चहा देते, चार दिवसांत जातं. पूर्वी ते घरमालक होतं.

आता कबुली.

२०११ च्या ऑगस्टमध्ये आपली वार्षिक सभा झाली. मी तेव्हा खजिनदार होते. चौथ्या मजल्यावर एक आजी राहायच्या. नाव घेत नाही, जुन्यांना कळलं असेल. सत्तरी ओलांडलेल्या, कमरेतून वाकलेल्या. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा सभेत हात वर केला आणि म्हणाल्या, "जिन्याला भिंतीच्या बाजूनं पण एक कठडा बसवा हो. उतरताना तोल जातो." मी उभी राहिले आणि सांगितलं की दुरुस्ती निधी रंगकामासाठी राखून ठेवलाय, एकेकाच्या सोयीसाठी खर्च काढला तर शिल्लक राहणार नाही. आणि वर, हे वाक्य मला अजून झोपेत ऐकू येतं, मी म्हटलं, "आजी, सावकाश उतरलात तर काही होत नाही." चार जण हसले. आजी पण कसनुशा हसल्या आणि बसल्या. ठराव बारगळला. इतिवृत्तात एक ओळ आहे, मी परवा काढून पाहिली. अक्षर माझंच आहे.

त्यानंतर आजी खाली उतरेनाशा झाल्या. भजनाला दिसल्या नाहीत, नवरात्रात दिसल्या नाहीत. मला त्याचं काही वाटलं नाही. बाहत्तर पायऱ्या होत्या त्यांच्या, हे मी कधी मोजलंच नव्हतं.

सात महिन्यांनी त्या टॅक्सीतून उतरून मी भिंतीवर तळहात दाबत दाबत वर चढले. भिंतीचा नवा रंग हाताला लागत होता. तोच रंग, ज्याच्यासाठी पैसे राखले होते. दुसऱ्या मजल्यावर थांबले तेव्हा मला आजींचा चेहरा आठवला. मी झोपून असताना त्या एकदा आल्या होत्या. चौथ्यावरून तिसऱ्यावर, एक मजला, सुनेचा हात धरून. उशाशी बसल्या, माझ्या केसांवरून हात फिरवला. सभेचा विषय काढला नाही. मी पण काढला नाही. काढायला हवा होता. जूनमध्ये त्या मुलीकडे नाशिकला गेल्या, कायमच्या.

ऑगस्टच्या सभेत कठड्याचा ठराव मी मांडला. कुणी विरोध केला नाही. दिवाळीआधी पाइपाचा कठडा बसला, तळमजल्यापासून गच्चीपर्यंत. बसला त्या संध्याकाळी मी नाशिकला फोन लावला आणि म्हटलं, "आजी, तुमचा कठडा बसला. मी तेव्हा चुकले." थोडा वेळ पलीकडून काहीच नाही. मग म्हणाल्या, "बरं झालं गं. आता तू जपून उतर." त्या परत इथे आल्या नाहीत. त्या कठड्याला त्यांचा हात एकदाही लागला नाही.

मी हे सांगितलं ते कुणाच्या डोळ्यांत पाणी आणायला नाही. पाठीचं दुखणं दिसत नाही. प्लॅस्टर नसतं, पट्टी नसते, ताप नसतो. माणूस चालतं-बोलतं असतं, म्हणून आपल्याला वाटतं की नाटक आहे, आळस आहे, वय आहे. मी माझं दुखणं दोन वर्षं लपवलं, कारण लोक काय म्हणतील याची भीती होती. आणि लोक काय म्हणतात? मी आजींना म्हटलं तेच.

म्हणून रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने दोन विनंत्या. आपल्या पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत, लिफ्ट येईल तेव्हा येईल. तोपर्यंत प्रत्येक मजल्यावर कुणाला जिना जड जातोय याची कमिटीने एकदा घरोघरी जाऊन विचारपूस करावी. सभेत हात वर करायला धीर लागतो, तो सगळ्यांकडे नसतो. आणि दुसरी, मी रोज सकाळी साडेसहाला याच पटांगणात फेऱ्या मारते. आयटीवाले जे पलंगावर लॅपटॉप मांडून पाय पसरून नोकरी करतात, तेही या. पाच मिनिटांपासून सुरू करू. वेग माझा आहे, त्यामुळे कुणी मागे पडणार नाही.

बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. जेवणाला अळूवडी आणि मसालेभात आहे असं कळलंय. आता उठा, आणि उठताना पुढे सरकून, पाय जमिनीवर टेकवून उठा.